पड जमिनीला उत्तर: संगमेश्वरातून निसर्गाधारित शेतीचा आढावा

निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या शेतीची चर्चा बहुतेक ठिकाणी रासायनिक खतं आणि कीटकनाशकांपासून सुरू होते. पंजाबच्या गव्हासाठी किंवा सांगली-कोल्हापूरच्या उसासाठी ती सुरुवात योग्यच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात मात्र भाताच्या खाचरात फार खत कधी पडलंच नाही. इथलं दुखणं वेगळं आहे. खाचरं पड पडत चालली आहेत, उताराच्या वरकस जमिनीवरची नाचणी-वरी आटली, गोठे रिकामे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणाऱ्या घरात रेशनचा तांदूळ शिजू लागला. जिथे शेतीच मागे हटते आहे तिथे निसर्गाधारित शेती म्हणजे नेमकं काय करायचं, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

जगाच्या पातळीवर या विषयाला आता चांगली बैठक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली रोममध्ये यावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद घेतली. पुढे तिने या शेतीची १० अंगं निश्चित केली, तर जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये १३ तत्त्वं मांडली. दोन्ही याद्यांमध्ये पिकांची विविधता, सेंद्रिय पदार्थांचं चक्र, जमिनीचं आरोग्य आणि बाहेरच्या निविष्ठांवरचं अवलंबन कमी करणं हे आहेच. पण त्याच्या बरोबरीने स्थानिक ज्ञान, न्याय्य मोबदला, जमिनीवरचा हक्क आणि पिकवणारा व खाणारा यांचं नातंही आहे. आपल्याकडे या यादीचा पहिला अर्धा भाग योजनांमध्ये उतरतो आणि दुसरा भाषणांमध्ये राहतो. संगमेश्वरला गरज आहे ती या दुसऱ्या अर्ध्याची.

डोंगर, गोठा आणि खाचर

शास्त्री आणि सोनवीच्या संगमापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हा तालुका. जमीन जांभ्याची, आम्ल, उताराची आणि बहुतेक ठिकाणी उथळ. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. या पावसात नत्र टिकत नाही. ते पाण्याबरोबर खाली झिरपतं किंवा पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, वाहून जातं. जांभ्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, त्यामुळे घातलेलं स्फुरदही पिकाला पुरतं मिळत नाही. अशा जमिनीत अन्नद्रव्यं टिकवायची तर पालापाचोळा, शेण आणि मुळं यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

जुन्या शेतकऱ्याने हे आपल्या व्यवस्थेत बसवलं होतं. डोंगरातून गवत आणि पाला गोठ्यात यायचा, गोठ्यातून शेण खाचरात जायचं, खाचरातला पेंढा परत गुरांपुढे पडायचा. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरी, भाताच्या मागे उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ, पावटा, चवळी, घराभोवती माड, फणस, केळ, अळू आणि पडवळाचा मांडव. घरात पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, श्रावणाच्या आसपास टाकळा, भारंगी, फोडशी. अन्नाची ही विविधता आहारशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नव्हती. जमिनीच्या तुकड्या-तुकड्याचा स्वभाव ओळखून ती उभी राहिली होती.

तरीही जुन्या काळाचं गुणगान करून भागणार नाही. त्या व्यवस्थेत खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताची सत्ता, होती. पिकवणाऱ्याच्या हाती पिकाचा मोठा वाटा उरत नव्हता, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. त्या शेतीत बाईच्या कष्टाला मोजमाप नव्हतं आणि वर्षभर पुरेल इतका भात फार थोड्या घरांत व्हायचा. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीची माणसं गेली ती हौसेने नव्हे. त्यामुळे आज जे उभं करायचं ते जुन्या शेतीची नक्कल असू शकत नाही. तिचं चक्र घ्यायचं आणि तिचा अन्याय टाकायचा.

राब: काय वाचवायचं, काय बदलायचं

हे नीट समजायचं तर राबाकडे, म्हणजे भाताचं बी टाकण्याआधी जमीन भाजण्याच्या रीतीकडे, जवळून पाहावं. माघ-फाल्गुनात ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या तोडून कवळ बांधतात. ती डोक्यावरून तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागी आणायची, हे काम बहुतेक बायकांचं. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग वारा पडल्यावर एका कडेने पेटवायचं. मातीच्या थरामुळे जाळ न होता ते आतल्या आत धुमसत जळतं. पहिल्या पावसात त्या राखेत बी टाकलं की रोप तरारून येतं, तण जवळजवळ नसतं, आणि जमीन भुसभुशीत झाल्याने आवणाच्या, म्हणजे लावणीच्या, वेळी तरवा सहज उपटतो.

म्हणजे राब ही अडाणी रीत नव्हे. तणाचं बी मारणं, पालाश देणं आणि कामाच्या घाईत उपटणीचे कष्ट वाचवणं अशी तिची तीन कामं आहेत. मात्र तिची किंमतही मोठी आहे. दरवर्षी छाटलेले ऐन-किंजळ खुंटासारखे उभे राहतात, डोंगर उघडा पडतो, खतात जाण्याजोगा पाला आणि शेण जळून जातं, आणि उन्हातान्हात बाईच्या मानेवर भारे येतात. आज माणसंच नसल्याने हा राब आपोआप कमी होतो आहे. त्याच्या जागी दुसरं काही नीट रुजलं नाही, तर पुढची पायरी तणनाशकाची किंवा थेट जमीन सोडून देण्याची असते.

पर्याय उपलब्ध आहेत आणि ते याच मातीत तयार झाले आहेत. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धत हे त्याचं उत्तम उदाहरण. तरव्याच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. त्यातल्या सिलिकाने रोप टणक होतं आणि खोडकिड्याला दाद देत नाही. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीआधी खाचरात पसरायचा. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर लावायची, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात. खत मातीच्या आत असल्याने कोसळत्या पावसात वाहून जात नाही आणि फेकून देण्याच्या तुलनेत कमी लागतं.

शुद्ध नैसर्गिक शेतीचा आग्रह धरणाऱ्याला ही गोळी खटकेल. पण जमीन सुधारत नेणारा आणि हळूहळू रसायन कमी करणारा रस्ता म्हणून ती मोलाची आहे. खरी अडचण आहे वाकून केलेल्या त्या ६२,५०० खोचण्यांची. मुलं मुंबई-पुण्यात, घरात साठीतली बाई. ती हे करणार कशी? नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा भात तंत्र या प्रश्नाला सरळ भिडतं. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने खुणा पाडून बी टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मुळं कुजल्याने जमिनीत पोकळ्या राहतात, गांडुळं वाढतात, नांगरणीचा खर्च जातो. या तंत्रावर आक्षेप एकच, पण महत्त्वाचा आहे: तण आवरण्यासाठी त्यात तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो. ज्या खाचराचं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं तिथे हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. गिरिपुष्पाचं आच्छादन आणि वजनाला हलकी, बाईला पेलणारी तणकाढणी अवजारं यांवर कोकणात काम व्हायला हवं.

वरकस आणि नाचणी

भातापेक्षा वेगाने ओसरली ती उतारावरची शेती. नाचणीला पाणी साठवावं लागत नाही, उथळ जमीन चालते आणि तिचा दाणा कणगीत वर्षानुवर्षं टिकतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, आणि २०२५-२६ साठी केंद्राने नाचणीला क्विंटलला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच वर्षी साध्या भाताचा हमीभाव २,३६९ रुपये होता. कागदावर नाचणी भाताच्या दुप्पट भावाची आहे. पण घेणाराच गावात आला नाही, तर हमीभावाचा आकडा शेतकऱ्याच्या कामाचा नाही.

ओडिशाने हा दुवा जोडून दाखवला. २०१७ मध्ये ७ जिल्ह्यांतल्या ३० तालुक्यांपासून तिथे भरडधान्य मोहीम सुरू झाली. सरकारने आदिवासी भागातली नाचणी हमीभावाने विकत घेतली, रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू दिले. बियाणं, मळणीयंत्र, खरेदी आणि ताट असे चारही टप्पे एकाच कार्यक्रमात होते. तालुक्याचं ठिकाण असलेल्या देवरुखच्या बाजारात नाचणीची खरेदी व्हावी आणि तीच नाचणी तालुक्यातल्या शाळांच्या पोषण आहारात जावी, यात अशक्य असं काहीच नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने १९७२ पासून या पट्ट्यासाठी वाण तयार केले आहेत. बियाण्याची बाजू लंगडी नाही. लंगडी आहे ती खरेदीची.

वाणांबाबत आणखी एक धडा अकोले तालुक्यातून येतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बाएफ संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. कोकणात मुणगा, वालय, पाटणी अशा जुन्या भातांचं बी अजून कुठे कुठे घरातल्या कणगीत आहे. ते पेरणारी पिढी थकली की ते बी संपेल. विद्यापीठाच्या शीतगृहात नमुना जपणं आवश्यक आहे, पण बी जिवंत राहतं ते दरवर्षी पेरलं गेलं तरच.

बाग: पैसा आणि धोका

१९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीतून १०० टक्के अनुदानावर फळबाग योजना आणली आणि कोकणात आंबा-काजूची लाट आली. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राचे काजूचे वाण, विशेषतः वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७, वरकस जमिनीवर पसरले. या योजनेने अनेक घरांना पहिल्यांदा रोख पैसा दिला, हे मान्य केलंच पाहिजे. मात्र जिथे मिश्र झाडोरा होता तिथे एकाच पिकाच्या रांगा आल्या. हापूसला दरवर्षी फळ धरायला लावण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक रसायन, तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी फवारण्यांमागून फवारण्या, आणि अवकाळी पावसाने मोहोर गळाला की पुन्हा कर्ज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या तेव्हा एकाच पिकावर संसार ठेवण्याचा धोका अख्ख्या जिल्ह्याने पाहिला. केरळच्या कासरगोडमध्ये काजूबागांवर वर्षानुवर्षं हवेतून फवारलेल्या एंडोसल्फानने माणसांचं काय झालं, हे देशाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली.

इथेही उत्तर दूर शोधायला नको. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची लाखीबाग प्रसिद्ध आहे. माडाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरीचा वेल, खाली अननस, म्हणजे एकाच जमिनीवर उंचीचे चार मजले. कोकण सुगंधा जायफळ, कोकण तेज दालचिनी आणि कोकण अमृता कोकम हे वाण विद्यापीठाने याच विचाराने पुढे आणले. पाण्याची सोय असलेल्या संगमेश्वरच्या वाड्यांना हे जमण्यासारखं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हापूसभोवती एवढी मोठी बाजारव्यवस्था उभी राहिली, तर फवारणीशिवाय पिकणाऱ्या कोकमाभोवती लहान का होईना, ती का राहू नये?

देवराई, बेहडा आणि धनेश

संगमेश्वरने या विषयाला दिलेलं सगळ्यात मोलाचं योगदान जंगलाच्या बाजूने आहे. इथल्या गावागावांत ग्रामदेवतेच्या देवराया आहेत, आणि अनेक पऱ्यांचा उगम त्यांच्या सावलीत आहे. देवराईबाहेरचं जंगल मात्र बहुतांशी खासगी मालकीचं, आणि लाकडाच्या ठेकेदाराला उभं विकलं जाणारं. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने १९९० च्या दशकापासून या तालुक्यात देवराया आणि खासगी जंगलं राखण्यासाठी गावकऱ्यांबरोबर काम केलं आहे. जंगल न तोडण्याचा करार करायचा आणि त्या बदल्यात गावाला मोबदला मिळवून द्यायचा, ही त्यांची रीत.

त्यातून उभं राहिलेलं बेहड्याचं काम पाहावं. बेहड्याचा जुना, पोकळ खोडाचा वृक्ष धनेश पक्ष्याच्या घरट्याची जागा असतो. लाकूड म्हणून विकला तर मालकाला एकदाच पैसे मिळतात. तोच वृक्ष उभा ठेवून फळं वेचली, वाळवली आणि शाश्वत वेचणीच्या फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह विकली, तर दरवर्षी मिळतात. ब्रिटनमधल्या हर्बल चहाच्या कंपनीपर्यंत ही फळं पोचली. वेचताना काही फळं पक्ष्यांसाठी झाडावर सोडायची असा नियम आहे. शेती, जंगल आणि बाजार यांची सांगड कशी घालायची याचा इतका स्पष्ट नमुना महाराष्ट्रात क्वचित सापडेल. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं होतं. त्या अहवालावर वाद झाला तो बंधनांमुळे. बेहड्याने दाखवलं की बंधनाबरोबर उत्पन्न आलं तर गाव स्वतःहून राखणदार होतं.

पाणी, गुरं आणि गावकी

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळा सरताच पऱ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला, तर खालच्या विहिरींना पाणी टिकतं आणि वायंगणी भाताला, भाजीला, कडधान्याला आधार मिळतो. पण दुसरं पीक न येण्याचं कारण केवळ पाणी नाही. भात कापून झाला की गुरं मोकळी सोडण्याची रीत आहे. एकट्याने कुळीथ पेरला तर तो गावच्या गुरांच्या तोंडी जातो. उरलेला वानर आणि रानडुक्कर नेतात, आणि फेब्रुवारीत वणवा लागला तर काजूची कलमंही जातात. हे एकेका शेतकऱ्याने सोडवण्याचे प्रश्न नाहीत. गुरं कधीपर्यंत बांधायची, राखण कुणी करायची, जाळरेषा कुठे काढायची, हे गावकीने ठरवावं लागतं. ज्या गावकीत शिमग्याच्या पालखीचा मार्ग आणि मान ठरतो, तिथेच हा निर्णय का होऊ नये?

गुरं संपवून मात्र हा प्रश्न सुटणार नाही. लहान चणीची, उतारावर चढणारी, पावसात टिकणारी कोकण कपिला ही गाय देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. तिचं दूध थोडं, पण शेण-गोमूत्राशिवाय या जमिनीचं चक्र पुरं होत नाही.

इतरांचे धडे

केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. २,४८१ कोटी रुपये, १५,००० गट, साडेसात लाख हेक्टर आणि १ कोटी शेतकरी असा त्याचा आवाका आहे. त्यामागे विचार आहे तो मुख्यतः सुभाष पाळेकरांच्या बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा या चौकडीचा. विदर्भाच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत तयार झालेली ही रीत कोकणच्या चिखलात जशीच्या तशी लागू होईल असं धरू नये. भाताचं खाचर पाण्याखाली असतं, तिथे वाफसा, म्हणजे मातीत हवा आणि ओलावा यांचा मेळ, नसतो. जुलैच्या झडीत ओतलेलं जीवामृत बांधावरून वाहून जाऊ शकतं. आच्छादन आणि बांधावरचा झाडोरा मात्र इथेही कामाचा आहे.

आंध्र प्रदेशाचा अनुभव यापेक्षा जास्त शिकवतो. २०१६ पासून तिथे नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम महिला बचत गटांच्या जाळ्यावर उभा राहिला, आणि शेतकऱ्याला शिकवायला त्याच्याच गावातला अनुभवी शेतकरी नेमला गेला. २०२४ चा गुलबेंकियन पुरस्कार त्याला विभागून मिळाला. याउलट श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं पीक घसरलं, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर झालं, पण त्यामागे एका तपाहून अधिक काळाची तयारी होती. तिन्हींचं सार सरळ आहे: वेळ द्या, माणसं तयार करा आणि जमीन सुधारण्याआधी आधार काढून घेऊ नका.

शेती कुणाच्या नावावर

आढाव्याचा शेवट माणसांकडे येतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दशकभरात घटलेली दिसली, १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर. दर १,००० पुरुषांमागे जिल्ह्यात १,१२२ स्त्रिया होत्या. म्हणजे शेतात उभी आहे ती बाई. सातबाऱ्यावर मात्र नवरा, दीर, चुलत सासरे आणि मुंबईतले डझनभर हिस्सेदार. तिला कर्ज मिळत नाही, अनुदानाच्या अर्जावर सही चालत नाही, बांधावर झाड लावायचं तरी परवानगी विचारावी लागते. शेजारी कसायला तयार असला तरी कूळ लागेल या धास्तीने मुंबईकर मालक जमीन पड ठेवणं पसंत करतो.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शरद जोशींच्या सांगण्यावरून १९९० च्या सुमारास हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. कोकणात आज त्याच ताकदीची मोहीम हवी. देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली मातृमंदिर सुरू केलं ते बायकांच्या बाळंतपणाच्या काळजीतून, आणि ती संस्था पुढे शेती आणि ग्रामविकासापर्यंत पोचली. बाईपासून सुरुवात केली की गावाचं काम उभं राहतं, हे या तालुक्याला नव्याने शिकवायची गरज नाही.

तेव्हा संगमेश्वरसाठी क्रम स्पष्ट आहे. आधी कसणाऱ्या बाईला जमिनीचा लेखी हक्क किंवा निर्धास्त, लेखी भाडेकरार. मग गावकीने ठरवलेली गुरांची आणि वणव्याची शिस्त. त्यासोबत कष्ट कमी करणारी भातपद्धत, बांधावर गिरिपुष्प आणि घराभोवती लाखीबाग. आणि नाचणी, कुळीथ, कोकम यांना शाळेच्या ताटापासून देवरुखच्या बाजारापर्यंत खात्रीचं गिऱ्हाईक. जीवामृताचे ड्रम वाटणं सोपं आहे, म्हणून योजना तिथून सुरू होतात. पण ड्रम ढवळायला घरात माणूस राहिला तरच त्याला अर्थ आहे. माणूस राहण्याची व्यवस्था करणं हेच इथल्या निसर्गाधारित शेतीचं पहिलं काम आहे, आणि नैसर्गिक शेती अभियानाचा निधी रत्नागिरीत येईल तेव्हा त्यातला पहिला रुपया याच कामावर पडला पाहिजे.